देवीचा डबा

त्या शुक्रवारी दोन आणे आत जाईनात. कालिंदीने निरांजन लावलं, हळदकुंकू वाहिलं, नेहमीसारखा पदर डोक्यावर ओढून डब्याच्या फटीत नाणं सरकवलं, आणि ते चौकोनी नाणं निम्मं आत, निम्मं बाहेर असं अडकून बसलं. तिने अंगठ्याने दाबलं. हलेना. मग डबा उचलून हलवायला गेली तर तो धड उचलवेना, आणि हलवला तेव्हा वाजलाच नाही. नऊ वर्षं खुळखुळणारा डबा, पहिल्या महिन्यात तर चार नाण्यांवर घरभर बोंब मारणारा, तो आज मुका. भरला. मेला भरला की! आतल्या चुलीवर आमटी उतू जाऊन फसफसत होती, तिचा वास येत होता, आणि ही बाई बोटाला कुंकू तसंच ठेवून देवघरापुढे बसून राहिली. तो कधीतरी भरेल हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण आपण हळूहळू करत असलेली गोष्ट एक दिवस पुरी होते, आणि पुरी झाली की तिचं काहीतरी करावं लागतं, एवढा साधा विचार तिने नऊ वर्षांत एकदाही केला नव्हता.

"नाणं पडल्याचं ऐकू नाही आलं गं?" बाहेर ओसरीवर माई, तिच्या सासूबाई, वाती वळत बसल्या होत्या. त्यांचे गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते. दर शुक्रवारी डब्यात नाणं वाजलं की त्या बसल्या जागी हात जोडत. हातात कापूस असला तर कापसासकट.

"अडकलं, माई. डबा भरलाय."

"भरला? बाई बाई बाई!" माईंचा आवाज एकदम कोवळा झाला. "किती वर्षं झाली गं? अठ्ठेचाळीस साली ठेवलास ना? म्हणजे नऊ. अगं, नवरात्राच्या नऊ माळा तशी नऊ वर्षं! तिनं बरोबर मोजून घेतलंय. मंगळवारी नेऊन तिच्यापुढं ठेव. आहे तसा ठेवायचा हं, फोडायचा नाही. आत किती आहे ते बघायचंसुद्धा नाही. बघितलं की ते आपलं होतं."

दुपारपर्यंत शाहूपुरीतल्या त्या गल्लीत ही बातमी सात घरी पोचली. संध्याकाळी अंबादास, कालिंदीचा नवरा, अडतीतून आला तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच. गुळाच्या अडतीत तो कारकून होता, त्याच्या सदऱ्याला बारा महिने गुळाचा वास यायचा. "भरला म्हणे आपला डबा!" तो म्हणाला आणि पुडा देवापुढे ठेवून साष्टांग नमस्कार घातला. पेढे किती आण्यांचे असतील, हे कालिंदीने पुड्याच्या आकारावरून ओळखलं. दहा आणे. पोरीच्या कॉलेजच्या फीला पैसे नाहीत, आणि दहा आण्यांचे पेढे. तिने एक पेढा खाल्ला आणि उरलेला पुडा दोरा गुंडाळून फळीवर ठेवला.

आता खरं सांगायचं तर डबा देवीचा नव्हताच. ही गोष्ट जगात एकट्या कालिंदीला ठाऊक होती. अंबाबाईला ठाऊक असेल तर असेल. लग्नानंतर पहिली सातआठ वर्षं तिने घरात नाना जागी पैसे लपवून पाहिले होते. तुरीच्या डाळीत, उशीच्या अभ्र्यात, पितळी पिंपाच्या मागे. अंबादासला ते कसे सापडत देव जाणे. तो दारू प्यायचा नाही, पत्ते खेळायचा नाही. कुणाच्या घरी बाळंतपण अडलंय, कुणाचं भाडं थकलंय, खासबागेत मोठी कुस्ती आहे आणि चार दोस्तांकडे तिकिटाला पैसे नाहीत, की ह्याचा हात डाळीत गेलाच. "परवा देतो गं," असं हसत म्हणायचा, आणि त्या हसण्यावर भांडणसुद्धा धड होत नसे. त्याचा तो परवा काही उगवला नाही. घरात वाईट माणूस कुणीच नव्हतं, हीच पंचाईत होती. मग एक दिवस बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा हातात आला, आणि तिच्या तोंडून एकदम निघून गेलं, "हा देवीचा. ह्यात दर शुक्रवारी दोन आणे टाकणार मी." आधी ठरवलं नव्हतं, काही नाही. अंबादासने लगेच कपाळाला हात लावून नमस्कार केला, आणि त्या क्षणी तिला कळलं की ह्या माणसाचा हात आता इथे कधी येणार नाही. तिला हसू आलं होतं. खोटं बोलल्याचं काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिने केरबा पत्रेवाल्याकडून डब्याचं झाकण डाग देऊन झाळून घेतलं, वर नाण्यापुरती फट ठेवून. तिची मुलगी नंदिनी, सात वर्षांची, वेणीचा शेपटा चघळत शेजारी उभी होती, आणि कालिंदीच्या मनात होतं की हिला माझ्यासारखं इंग्रजी तिसरीतून काढायचं नाही. तिच्या वडिलांनी तिला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून शाळेतून काढलं होतं. ते पुढचं वर्ष कसं असतं हे तिला पुरतं माहीत होतं.

शुक्रवारचे दोन आणे हे लोकांना दाखवायचे. बाकीचे दिवस चोरून, माईंचा डोळा लागला की. मंडईत भाजीवालीशी घासाघीस करून सुटलेला आणा, टांगा टाळून लक्ष्मीपुरीपर्यंत चालत गेल्याचे दोन आणे, रद्दीचे, दुपारचा चहा सोडल्याचे. सुरुवातीला जड गेलं, मग अंगवळणी पडलं, आणि मग, हे तिने स्वतःलाही उशिराच कबूल केलं, गोडी लागली. चहा सोडल्याचं दुःख एक महिना टिकलं, पण नाणं पडल्याचा आवाज रोज नवा लागायचा. कुठलीही वस्तू दिसली की तिच्या डोक्यात ती आधी आण्यांत उतरायची. अबोलीचा गजरा म्हणजे एक आणा. मैत्रिणीकडे जाऊन यायचं म्हणजे दोन. एकदा सगळे रंकाळ्यावर फिरायला गेले होते. नंदिनी आठ वर्षांची. भेळेच्या गाडीपुढे ती उभी राहिली, मागितलं काही नाही, नुसती उभी राहिली. भेळवाला कांदा चिरत होता, चिंचेच्या पाण्याचा वास सुटला होता, पाण्यावरून वारा येत होता. "नको गं, पोट बिघडतं," कालिंदी म्हणाली. पोरगी निमूट चालू लागली. घरी येऊन पाय धुण्याच्या आधी कालिंदीने भेळेचे दोन आणे डब्यात टाकले, आणि टाकताना तिला केवढा आनंद झाला! पोरीसाठी पोरीच्या तोंडातलं काढलं, आणि त्याचा आनंद झाला. ती आठवण पुढे कधीही, भाकरीचं पीठ मळताना, नळावर रांगेत उभी असताना, उगाच येऊन तिला टोचायची. नंदिनी आता सतरा वर्षांची होती आणि तिला भेळ आवडत नसे.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण बावन्न साली नंदिनीला विषमज्वर झाला. अठरा दिवस ताप उतरेना. एकोणिसाव्या दिवशी, दुपारी तीनचा सुमार, डॉक्टर येऊन काही न बोलता गेले, आणि कालिंदी उठून देवघराशी गेली. डब्यावर दोन्ही हात ठेवले. पत्रा गार होता. ती म्हणाली, मोठ्याने म्हणाली, "पोर उठू दे. डबा तुझा. खराच तुझा." एकविसाव्या दिवशी ताप उतरला. माईंनी ते ऐकलं होतं, आणि त्यांनी ते नंदिनीला सांगितलं, गल्लीला सांगितलं, दर नवरात्रात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. म्हणजे जे खोटं होतं ते त्या दुपारी खरं झालं. नंतर नाणी पडतच राहिली. शुक्रवारची देवीची म्हणावीत तर टाकताना मनात नंदिनीचं कॉलेज असे. एरवीची नंदिनीची म्हणावीत तर हात आपोआप जोडले जात. कुणाचं काय ते तिचं तिलाच कळेनासं झालं, आणि तिने कळून घ्यायचंही सोडून दिलं. सवय होती, हात चालत होता.

ह्या जूनमध्ये नंदिनी मॅट्रिक झाली. पास म्हणजे कशी, शाळेत दुसरी. कॉलेजची फी आणि पुस्तकं धरून शंभराच्या आसपास लागत होते, आणि फी भरायची शेवटची तारीख बुधवार होती. अंबादासने अडतीच्या शेटकडे शब्द टाकून पाहिला, पण शेटने नाही म्हटलं. मग घरी येऊन अंबादास म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू गं. तोवर मिरजेचं ते स्थळ रविवारी बघायला येतंय, येऊ देत. बघायला काय जातंय?" पुढच्या वर्षी! कालिंदीच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. त्या रात्री ताटं काढताना तिने नंदिनीला हळूच विचारून पाहिलं, "देवीकडून उसने घेतले तर गं?" नंदिनी दचकलीच. "काहीतरीच काय आई! त्या डब्यानं मी वाचले." आणि थोड्या वेळाने, भांडी पुसता पुसता, "असू दे. मी शिवणाच्या क्लासला जाईन." कॉलेजचा छापील फॉर्म मात्र तिने फाडला नव्हता. तो तिच्या उशीखाली होता, कालिंदीने पाहिला होता. जिथे तिचे पैसे कधी टिकले नव्हते, तिथे पोरीने फॉर्म ठेवला होता.

मंगळवारी सकाळी तिने डबा लुगड्याच्या धडप्यात बांधला आणि काखोटीला मारला. माईंनी डब्याला हळदकुंकू लावलं, डोळे पुसले. नंदिनी म्हणाली, "मी येऊ का धरायला?" "नको," कालिंदी एवढ्या जोरात म्हणाली की पोरगी बघतच राहिली. डबा सातआठ शेरांचा तरी असेल. दहा पावलांत कंबर भरून आली. असंच वजन घेऊन ती पूर्वी चालली होती, नंदिनी सहा महिन्यांची असताना. गल्लीच्या तोंडाशी बायडाबाई भेटली, रतीबाचं दूध घालणारी. "देवीला निघालासा न्हवं वैनी? थांबा की." तिने कनवटीची गाठ सोडून दोन आणे काढले. "माझं बी घाला त्यात. म्हस गाभन ऱ्हाऊ दे म्हनावं."

"डबा भरलाय गं, जात नाही आत."

"मग पदराला बांधा. तुमच्या हातानं गेलं म्हंजी झालं. तुमच्यागत नेम कुणाला जमतोय?"

कालिंदीने ते नाणं पदराला बांधलं. तिथे शुक्रवारचं, फटीतून उपसून काढलेलं नाणं आधीच होतं. दोन्ही गाठीत एकमेकांवर घासत होती. तिला वाटलं, इथंच खाली बसावं आणि ह्या बाईला सगळं सांगून टाकावं. पण बायडाबाई चरवी डोक्यावर घेऊन गेलीही. कालिंदी नाल्यावरचा पूल ओलांडून लक्ष्मीपुरीतून चालत राहिली. चालता चालता तिने आणखी एक खोटं तयार केलं. देवळात जाऊन आले, डबा ठेवला, असं माईंना सांगायचं. पैसे माझ्या भावाने कऱ्हाडहून पाठवले, असं नंदिनीला सांगायचं. चोख होतं. कुठे फट नव्हती. नऊ वर्षांत हाही हात तिचा चांगला बसला होता. पाय बिंदू चौकापर्यंत आले. सरळ गेलं की देवळाचा पूर्व दरवाजा, डाव्या हाताच्या बोळात केरबाचं पत्र्याचं दुकान. ती मध्येच उभी राहिली. एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून शेवटी ओरडला, "ओ बाई, झोपलासा काय?" मग ती डावीकडे वळली.

केरबा पोत्यावर बसून घागरीला डाग देत होता. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. त्याने फडकं सोडवायच्या आधीच डबा ओळखला. "ह्यो मीच झाळलेला की! भरला व्हय? लई चिवट बाई हायसा तुम्ही."

"उघडायचाय."

"आन् कशाला? देऊळ तर ह्ये हितं. ऱ्हाऊ दे की बंद."

कालिंदीने दुकानाच्या फळीला धरलं. "केरबा, हा देवीचा नाही," ती म्हणाली, आणि एकदा सुरुवात झाल्यावर थांबता येईना. "नव्हताच. पोरीच्या शिक्षणाचे साठवले मी. घरात कुणी हात लावू नये म्हणून देवीचं नाव घेतलं. तुम्हालाही तेच सांगितलं होतं."

केरबाने हातातली घागर खाली ठेवली. डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आता हा ओरडणार, शेजारच्या दुकानदारांना हाका मारणार, थू म्हणणार, असं तिला वाटलं, आणि वाटलं की बरं होईल, एकदा कुणीतरी म्हणू दे. केरबाने कानावरची पेन्सिल काढून मान खाजवली.

"म्हंजी तवा देवीचं काम म्हनून मी पैसं घेटलं न्हाईत."

"हो."

"आन् ते देवीचं न्हवतंच."

"नाही."

"मग माझं चार आणं व्हत्यात की वो!" त्याला ते एकदम लख्ख दिसलं होतं. "त्या वक्ताचं चार, आन् आता कापायचं चार. आठ आणं. नव्या पैशात पन्नास."

कालिंदी हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. भर बोळात, पदर तोंडात कोंबून. नऊ वर्षं छातीवर जे घेऊन ती वावरली, त्याची किंमत ह्या माणसाने एका दमात सांगून टाकली होती. केरबा गडबडला. "आता रडाय काय झालं? लई सांगितलं का? बरं, सात द्या."

"नाही," ती म्हणाली. "आठच." आणि पैशावरून घासाघीस न करण्याचा हा नऊ वर्षांतला पहिलाच प्रसंग, हे तिला नंतर घरी जाताना सुचलं.

कात्रीने पत्रा कापताना दात शिवशिवले. नाणी पोत्यावर ओतली, ओल्या धातूचा वास सुटला. ती वाकून बघत राहिली. तिला वाटलं होतं काहीतरी ओळखू येईल. कुठलं शुक्रवारचं, कुठलं चहाचं, कुठलं रंकाळ्यावरचं, कुठलं तापाच्या नंतरचं. सगळी सारखी. काही काळी पडली होती, काही चकचकीत, वर थोडे नवे पैसे. बघितलं की ते आपलं होतं, असं माई म्हणाल्या होत्या. तिने पुष्कळ बघितलं. मग चार चौकोनी नाणी उचलून केरबाच्या हातावर ठेवली. डब्यातून पैसे काढायची तिला सवय नव्हती. बाकीचे तिने धडप्यात बांधले. किती आहेत ते तिने मोजलं नाही, पण शंभराच्या वर नक्की होते, तो अंदाज तिचा चुकत नसे.

देवळात मंगळवारची गर्दी होती. बायकांच्या खांद्यांवरून, उचललेल्या पोरांच्या डोक्यांवरून तिला मुखवट्याचा एवढासा भाग दिसला, एक डोळा आणि नथ. तेवढ्यालाच ती मनात बोलली. दिलं म्हणाले होते, ते खोटं नव्हतं. आज परत घेतलं, तेही खोटं नाही. तू पोर वाचवलीस ती काय मिरजेच्या पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे धरून उभी राहायला? राग आला असेल तर माझ्यावर काढ, तिच्यावर नको. मागून कुणीतरी ढकललं, "चला बाई, पुढं चला." तिने पदराची गाठ सोडली, आपलं नाणं आणि बायडाबाईचं नाणं पेटीत टाकलं. गलबल्यात त्यांचा आवाज आला नाही. तिने कान देऊन पाहिलं, तरी आला नाही.

घरी पोचली तेव्हा ऊन ओसरीवर आलं होतं. नंदिनी तांदूळ निवडत बसली होती. माई नेहमीच्या जागी, पुढ्यात कापूस. कालिंदीच्या हातात भाजीची पिशवी होती, वर मेथीची जुडी आणि खाली धडपं. वाटेत तिने मेथी मुद्दाम घेतली होती, त्या दुसऱ्या खोट्यासाठी. डबा हातात नव्हता. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

"आलीस?" माईंनी तोंड तिच्याकडे वळवलं. "पोचलं का गं देवीला?"

हो म्हणायला एक श्वास पुरला असता. नंदिनी सूप थांबवून आईकडे बघत होती. तिच्या तोंडावर आनंद होता, खरा. आपल्या नावचं देणं फिटलं म्हणून झालेला. उद्या फी भरायची ती ह्या तोंडाने, आणि जन्मभर मामाचे उपकार मानायचे. कालिंदीने मेथीची जुडी काढून बाजूला ठेवली.

"नाही, माई," ती म्हणाली. "मी घेतलं."

"काय घेतलंस?"

"पैसे. ते देवीचे नव्हते. पहिल्यापासून नंदिनीच्या शिक्षणाचे होते. मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. नंतर तापात देवीला दिले, आणि आज परत घेतले. तिला सांगून आलेय."

नंदिनीच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत मिसळले. कालिंदीला वाटलं, आता ह्या दोघींपैकी कुणीतरी उठेल, काहीतरी फेकेल. कुणी उठलं नाही. मग तिने पिशवीतून धडपं काढलं आणि नंदिनीच्या पुढ्यात ठेवलं. ठेवताना ते हातातून जरा वरूनच सुटलं, आणि नाणी वाजली.

तो आवाज झाल्याबरोबर माईंचे हात जोडले गेले. कापसासकट. नऊ वर्षांची सवय. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या आपल्या जोडलेल्या हातांकडे बघत बसल्या. कालिंदी वाट बघत राहिली. हात सुटले नाहीत.

"उद्या किती वाजता उघडतं गं ते कॉलेज?" हात तसेच ठेवून माई म्हणाल्या. नंदिनी मिसळलेले तांदूळ पुन्हा निवडू लागली होती, म्हणून कालिंदीने सांगितलं, अकरा वाजता.